ज्याचा प्रश्न, त्याला मत नाही

अर्ज आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होता आणि आठही दिवस तो एका जागी म्हणून राहिला नाही. सून सकाळी दुकानात जाताना तो मिठाच्या बरणीखाली ठेवून जायची, एकला परत आली की तो वर्तमानपत्राखाली सापडायचा. दुसऱ्या दिवशी घड्याळाखाली. परवा तर फळांच्या टोपलीत, संत्र्यांच्या बुडाशी. कागदाला पाय फुटले होते म्हणा ना. घरभर फिरून यायचा, पण तिसऱ्या पानावरच्या चौकटीत सही काही उतरत नव्हती.

बरं, घरात माणसं किती, तर दोन. एक ती आणि दुसरे तिचे सासरे, अप्पा. नवरा जहाजावर इंजिनं सांभाळतो, बंदरं बंद झाली तेव्हा भर समुद्रात होता आणि सात महिने झाले तरी तिथेच होता. तेव्हा कागद कोण हलवतं हे शोधायला गुप्तहेर नेमायची गरज नव्हती. तिने विचारलं नाही, एवढंच. अप्पाही सांगत नव्हते. न विचारणं आणि न सांगणं यावर या दोघांचं सहा वर्षं बरं चाललं होतं.

अप्पा खरं तर आले होते धाकट्या मुलाची रजा धरून, तीन महिन्यांसाठी. मुलगा यायचा तो आलाच नाही, साथ तेवढी वेळेवर आली. परदेशात पाहुणा म्हणून राहायची परवानगी सरकारने एकदा आपसूक वाढवून दिली. ती उद्या संपत होती. आज पाच वाजेपर्यंत अर्ज पाठवला तर अप्पांना आणखी सहा महिने राहता येणार होतं. नाही तर शनिवारी अडकलेल्या लोकांसाठी एक खास विमान सुटणार होतं. त्यात मोठ्या दिरांनी इकडे तिकडे हात जोडून एक जागा धरून ठेवली होती. तीही आज पाचच्या आतच पक्की करायची होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तसं दोन्हीकडचं घड्याळ एकाच आकड्यावर येऊन थांबणार होतं.

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायची. डोळ्यांचं काम म्हणून दुकान अर्धं दार उघडून चालू ठेवायची मुभा होती. साथीच्या सुरुवातीला मालक म्हणाला, ‘एका वेळी एकच गिऱ्हाईक’ अशी पाटी हवी. तिला वाटलं, आपल्या घरात साक्षात पेंटर बसलाय. अप्पांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या होत्या. दवाखाने, शाळा, सोसायट्या, वकील. त्यांच्या अक्षराखालून गेल्याशिवाय गावातल्या माणसाचा दिवस सरायचा नाही. ती मोठ्या हौसेने पुठ्ठा आणि रंग घेऊन आली. अप्पांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, हात मागे बांधले आणि म्हणाले, “प्रिंट काढ की. हल्ली छान येतात.”

मोठ्या जाऊबाईंच्या शाळेची पाटी अप्पांनी तीनदा रंगवून दिली होती. हे तिला माहीत होतं. गोष्ट मनात राहायची ती राहिलीच.

आणि आता हा अर्ज. सही म्हणजे काय, दोन सेकंदांचं काम. माणूस ते आठ दिवस करत नाही याचा अर्थ सरळ आहे, असं तिने ठरवून टाकलं. त्यांना इथे राहायचं नाही. माझ्याजवळ राहायचं नाही.

दोन वाजता सभा भरली.

या घराण्याची एक रीत होती. अप्पांच्या वडिलांनी घालून दिलेली. मोठा निर्णय असला की सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्याने मोजायच्या. भांडणं नकोत म्हणून ही गुप्त पद्धत. आणि नियम एकच, पण कडक: ज्याचा प्रश्न, त्याला मत नाही. त्याने खोलीबाहेर बसायचं. जमीन विकायची की नाही, मोठ्याला बदलीच्या गावी पाठवायचं की नाही, सगळं या डब्याने ठरवलं. धाकट्याने ही मुलगी करावी की नाही, हेसुद्धा. तिथे तीन विरुद्ध एक असं मत पडून ती या घरात आली होती.

तो एक कोण, हे गुप्त होतं. म्हणजे कसलं गुप्त, डोंबल. ज्या घरात एक माणूस पेंटर आहे त्या घरात गुप्त मतदान घेणं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधून त्याला दबकत चालायला सांगणं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी नवऱ्याच्या पँटच्या खिशात तिला ती चिठ्ठी सापडली होती. ‘नको’. पट्टी न लावता ओढलेली सरळसोट शिरोरेषा, ‘न’ची डौलदार गाठ, ‘क’चं आखीव पोट. चिठ्ठी तिने एका जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. फेकावी असं कधी वाटलं नाही आणि दाखवावी असंही नाही.

आता सभा फोनवर. अप्पा रिवाजाप्रमाणे उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि दार लोटून घेतलं. ते दार कधीच नीट लागायचं नाही.

पडद्यावर एका चौकटीत मोठे दीर आणि जाऊबाई, दुसऱ्या चौकटीत आत्याबाईंचं कपाळ. आत्याबाई म्हणजे अप्पांची थोरली बहीण, वय एक्याऐंशी, आणि वडिलांमागे डब्याच्या कायमच्या अध्यक्ष.

“आत्या, फोन खाली घे, नुसतं कपाळ दिसतंय,” मोठे दीर म्हणाले.

“दिसू दे. त्यावरच सगळं लिहिलेलं असतं. चष्मेवाली आली का?”

चष्मेवाली म्हणजे सून. हे नाव लग्नाआधी पडलं ते पडलंच. पूर्वी त्यात टोमणा होता. मग सुनेने मापं मागवून आत्याबाईंना चष्मा करून पाठवला आणि टोमण्याची धार गेली, नाव तेवढं राहिलं.

“आलेय, आत्याबाई.”

“धाकट्याची चिठ्ठी सकाळीच आलीय जहाजावरून. ती माझ्याकडे आहे. आता बोला काय बोलायचं ते. मग लिहा.”

मोठ्या दिरांनी घसा साफ केला. कार्यालयात माणसं हाताळायची सवय असलेला हा माणूस आज कागदावरून वाचल्यासारखा बोलत होता. “जागा मिळालीय, ती पुन्हा मिळेल असं नाही. इथे डॉक्टर ओळखीचे आहेत, घर आहे. माझं म्हणणं त्यांनी यावं.”

“मधे दोन ठिकाणी उतरायचं,” जाऊबाई म्हणाल्या. “मग इथे पोचल्यावर चौदा दिवस एकट्याने हॉटेलच्या खोलीत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने. दाराबाहेर ताट ठेवून जातात म्हणे.”

“तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“अप्पांच्या.”

“मी काय विरुद्ध आहे का?” दिरांचा आवाज एकदम वेगळा निघाला. “परवा समोरच्या काकांचं झालं तेव्हा मुलगा फोनवर बघत होता. फोन शेजाऱ्याने धरला होता. मला तसं बघायचं नाही. मी थोरला आहे. मला नुसतं एवढंच हवंय की काही झालं तर मी तिथे असेन.”

मोठ्या दिरांना आजवर सुनेने हिशेबी समजून ठेवलं होतं, ते तिला आता बरं वाटेना.

“मलाही भाऊ बघायचाय,” आत्याबाई म्हणाल्या. “मी आता पिकलं पान. सरळच सांगते, आडपडदा नाही. चष्मेवाली, तुझं काय?”

“त्यांना बरं वाटेल ते.”

“हे मत नाही झालं. हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. तुला ते तिथे हवेत की नकोत?”

हवेत. हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. सात महिने या घरात दुसरा आवाज होता तो अप्पांचाच. पहाटेचं खोकणं, रेडिओची खरखर, तिने डोळे तपासायचा तक्ता घरी आणला तेव्हा ‘हे अक्षर कोणी काढलंय, शेपूट केवढं जाड’ म्हणून केलेली कुरकुर. ते गेले की ती आणि भिंती. पण लोटलेल्या दारापलीकडे ते बसले होते आणि टेबलावर अर्जाची चौकट कोरी होती. आपल्याला एकटं वाटतं म्हणून म्हाताऱ्या माणसाला डांबून ठेवायचं का?

“चिठ्ठीत लिहिते,” ती म्हणाली.

“लिहा मग. ‘परत’ किंवा ‘मुक्काम’. फोटो काढून फक्त मला पाठवा.”

तिने कागदाचा कपटा फाडला आणि ‘परत’ लिहिलं. फोटो काढून आत्याबाईंना पाठवला.

आत्याबाई मोजायला लागल्या. “एक… दोन… थांबा, हे पुढे सरकत नाही. हां. सरकलं.”

तेवढ्यात सुनेच्या फोनने टिंग केलं. मग परत टिंग. मोठ्या दिरांच्याही फोनचा आवाज पडद्यातून ऐकू आला. एकामागून एक पाच वेळा. आणि लोटलेल्या दारापलीकडे, स्वयंपाकघरात, अप्पांचा फोनही पाच वेळा वाजला.

“आत्या,” मोठे दीर सावकाश म्हणाले, “तू चिठ्ठ्या घरच्या ग्रुपवर टाकल्यास.”

“मी कशाला टाकू? मी नुसत्या बाजूला ठेवल्या.”

“बाजूला म्हणजे सगळ्यांच्या बाजूला. सगळ्यांना दिसतायत.”

साठ वर्षांची गुप्त पद्धत अशी चव्हाट्यावर आली. मोठे दीर पडद्यात वाकून बघायला लागले. “हे ‘मुक्काम’ तुझं अक्षर आहे,” ते बायकोला म्हणाले.

“मग? मी तोंडानेही तेच म्हटलं होतं.”

“मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेयस.”

“वीस वर्षं तुम्हाला असंच वाटत आलंय.”

सून मात्र ते ऐकत नव्हती. ती लोटलेल्या दाराकडे बघत होती. तीन ‘परत’, दोन ‘मुक्काम’. तिसरं ‘परत’ तिचं. वाणसामानाच्या यादीत ते अक्षर अप्पा रोज बघायचे.

“तीन-दोन,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा नव्हता. “ठरलं तर. परत.”

“मी पाचच्या आत जागा पक्की करतो,” मोठे दीर म्हणाले आणि त्यांची चौकट विझली.

स्वयंपाकघरात अप्पा दोन्ही हातांनी चहाचा कप धरून बसले होते. मोठा कप, आत चहा अर्धाच. ते कायम अर्धाच ओतून घ्यायचे. तिला वाटायचं, पथ्य असेल.

“बरोबर केलंस,” ते म्हणाले. “एकदा मी लिहिलं होतं, आता तू लिहिलंस. फिटंफाट.”

ती दारातच उभी राहिली. म्हणजे त्यांना माहीत होतं की तिला माहीत आहे.

“फिटंफाट नाही केली मी,” ती म्हणाली. “तुम्ही आठ दिवस सही केली नाहीत. मला वाटलं, तुम्हाला इथे राहायचं नाही. तोंडावर सांगवत नाही म्हणून कागद लपवताय.”

“राहायचं नाही असं मी कधी म्हटलं?”

“राहायचंय असंही कुठे म्हटलंत? पाटी मागितली तर हात मागे बांधलेत. वहिनींना तीन-तीन रंगवून दिल्यात.”

अप्पांनी कप खाली ठेवला. ठेवताना तो बशीवर खडखडला. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर, तिच्यासमोर उघडे ठेवले. उजवा हात एकटाच हलत होता. थांब म्हटलं तरी न थांबणारा. ती रोज भिंगाचा केसाएवढा ओरखडा हेरणारी बाई. आणि सात महिने तिच्यासमोर असलेला हा हात तिला दिसला नव्हता.

“कधीपासून?”

“वर्ष झालं. तिकडे कोणाला माहीत नाही. आता थोरल्याला सांगितलं तर तो उद्यापासून मला घास भरवेल.” ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. “वर्तमानपत्राच्या कडा कापून त्यावर सही करून बघायचो. एकही जुळत नाही पासपोर्टशी. आणि तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचलंस? सही करता येत नसेल तर अंगठा लावावा, शेजारी साक्षीदार. अख्ख्या गावाची नावं रंगवली मी, सूनबाई. आणि माझं नाव आलं तेव्हा अंगठा.”

ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. समोर नाही, शेजारी.

“मग जायचंय का तुम्हाला? खरं सांगा.”

“सकाळी तू जाताना कुलपाचा आवाज येतो,” अप्पा म्हणाले. “मग एक वाजता परत येतो. मधले पाच तास मी त्या आवाजाची वाट बघतो. आता याला काय म्हणायचं ते तू म्हण. त्या वेळी ‘नको’ लिहिलं तेव्हा मी तुला बघितलंही नव्हतं. परदेशात नोकरी करणारी मुलगी म्हणजे मुलगा गेला, एवढंच डोक्यात होतं. मुलगा तसाही समुद्रात गेला. इथे तूच राहिलीस. माझी चूक झाली, आणि ती मी सहा वर्षं बोललो नाही ही दुसरी.”

तिचे डोळे भरून आले. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि जुनी चष्म्याची डबी घेऊन आली. चिठ्ठी उघडून टेबलावर ठेवली. अप्पांनी बराच वेळ ते अक्षर पाहिलं. गेलेल्या माणसाचा फोटो बघतात तसं.

“काय हात होता,” ते म्हणाले.

तिने चिठ्ठी उलटी केली. “मागची बाजू कोरी आहे. तुम्ही लिहा.”

“ज्याचा प्रश्न, त्याला मत नाही.”

“आजोबांचा नियम आहे ना? आजोबा काही अर्ज बघायला यायचे नाहीत. साडेतीन वाजलेत, अप्पा. लिहा.”

त्यांनी पेन घेतलं. एवढ्याशा कागदावर ‘मुक्काम’ लिहायला त्यांना किती वेळ लागला ते तिने मोजलं नाही. जोडाक्षरापाशी पेन दोनदा घसरलं. शिरोरेषा मधेच तुटली, पुढे वर चढली. तिने मदतीला हात पुढे केला नाही. तेवढं तिला कळलं. लिहून झाल्यावर अप्पांच्या कपाळावर घाम होता.

“टाक ग्रुपवर,” ते म्हणाले. “आत्ता. परत मन बदलायच्या आत.”

तिने फोटो टाकला. मिनिटभरात मोठ्या दिरांचा फोन आला. पाठोपाठ आत्याबाईंचं कपाळ.

“ही सहावी चिठ्ठी कसली?” मोठे दीर म्हणाले. “मी पक्कं करायलाच बसलो होतो. कोणी लिहिलंय हे? कुणा लहान पोराच्या हातात पेन दिल्यासारखं अक्षर आहे.”

सुनेने अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. ज्या माणसाचं अक्षर डब्यातून काढल्याबरोबर सगळं घर ओळखायचं, त्याच्या मुलाने विचारलं होतं, हे कोणाचं.

“थांब रे,” आत्याबाई म्हणाल्या. “चष्मा लावू दे.”

कपाळ खाली गेलं, चष्मा वर आला. तिनेच बसवलेली भिंगं. त्यामागचे डोळे हळूहळू बारीक झाले.

“हा ‘क’ बघा,” आत्याबाई म्हणाल्या. “पोट फुगलेलं, शेपूट घसरलेलं. शाळेत घालायच्या आधी आमचा बाळ्या पाटीवर असाच काढायचा. मी हात धरून गिरवून घ्यायची, सोडला की परत असाच. बाळ्या, आहेस ना तिथे? हात कधीपासून कापतोय?”

अप्पांनी खिडकीवरची नजर काढली. “वर्ष झालं, अक्का.”

“अप्पा?” मोठे दीर एवढंच म्हणाले. जाऊबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवलेला दिसला.

“अरे, दुखत नाही,” अप्पा त्यांना म्हणाले. “नुसता हलतो. आणि इथे मी एकटा नाही.”

“मी त्यांना डॉक्टरकडे नेईन, दादा,” सून म्हणाली. “आणि रोज दोनला फोन लावून देईन. रोज. तुम्ही नुसतं बघायचं नाही, बोलायचं. मी माझी चिठ्ठी चुकीची लिहिली होती.”

“टाकलेली चिठ्ठी परत मिळत नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “तीन-तीन झालेत. बरोबरीला अध्यक्षाचं मत.”

“तुझं मत ‘परत’ होतं, आत्या.” मोठे दीर म्हणाले.

“होतं. मला भाऊ बघायचा होता.” आत्याबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. “बघितला. राहू दे त्याला.”

मोठ्या दिरांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, “जागा सोडतो मी. कोणा गरजवंताला मिळेल. अप्पा, रोज दोनला.”

“रोज दोनला,” अप्पा म्हणाले.

सव्वाचार झाले होते. सुनेने संत्र्यांखालून अर्ज काढला, तिसरं पान उलगडलं आणि दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरलं. “अंगठा नाही,” ती म्हणाली. “जशी येईल तशी सही करा. जुळली नाही तर मी शेजारी साक्षीला आहेच. कारण लिहायची जागा आहे, तिथे मी सगळं लिहीन.”

अप्पांनी पेन धरलं. फोन अजून चालूच होता, बिस्किटांच्या पुड्याला टेकवलेला. त्यातून आत्याबाईंचा आवाज आला, “घाई करू नकोस, बाळ्या. आधी अक्षरं काढ. शिरोरेषा शेवटी.”

“हो, अक्का,” चौऱ्याहत्तर वर्षांचा पेंटर म्हणाला, आणि त्याने पहिलं अक्षर काढायला घेतलं.